गणपतचं बाळंतपण

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडली. पानं भाजीला, काड्या गणपतला.

गणपत म्हणजे आमचा ससा. हिनं तो पिंपरीच्या बाजारातून आणला आणि कान बघून नाव ठेवलं. विकणारा छातीठोक म्हणाला होता, "मावशी, नर हाय. काय ताप न्हाई." ही जमिनीवर फतकल मारून त्याला एकेक काडी भरवायची. "ये माझ्या सोन्या!"

मी म्हणलं, "मला जन्मात कधी सोन्या म्हणली न्हाईस."

"तुमाला ऐकायला कान कुठं हायत?"

त्याच आठवड्यात ती गेली. झोपेत. न सांगता. (एरवी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी दारातून ओरडून सांगायची.)

दहाव्याला मी डोकं भादरलं. घरी येऊन बघतो तर गणपतनं छातीवरचे केस उपटून काढलेले. पार कातडी दिसेपर्यंत! मला गलबलून आलं. पोटच्या पोराला डोकं भादरायला दोनदा सांगावं लागलं (त्याला म्हणे मीटिंग होती), आणि ह्या मुक्या जनावरानं आपणहून सुतक पाळलं! शेजारच्या नसीमभाभीला हाक मारली. "बघा भाभी, ह्याला म्हणतात माया."

भाभी दिवाणाखाली वाकल्या. हिची अर्धी शिवलेली गोधडी गणपतनं तिथं ओढून नेलेली. तिच्यावर ते केस अंथरलेले. आणि केसांत गुलाबी गुलाबी काहीतरी वळवळत होतं.

"काका," भाभी म्हणाल्या, "तुमचा गणपत बाळंत झाला."

घ्या! घरात सुतक आणि सुवेर एकदम! आता आधी काय फेडायचं? गुरुजींना फोन लावला.

"कोण बाळंत झालं?"

"गणपत."

गुरुजी एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आबा, काही खाल्लंत का? जवळ कोणी आहे ना?"

फोन ठेवला आणि पिल्लं बघायला हात घातला. गुर्रर्र! ससा गुरगुरतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर जन्म काढला, दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर झालो. अंगठा फोडला तो सशानं. मग कंपनीतले जाड हातमोजे घातले, डोक्यावर हेल्मेट चढवलं. पहिलटकरीण ती, उडी मारून हेल्मेटलाच भिडली!

बरं, एवढी माया होती तर पोरांजवळ बसावं की नाही? तेही नाही. दोन दिवस बघितलं, दिवसभर टीव्हीच्या टेबलाखाली पाय पसरून बसलेली. स्वतः पाजंना आणि मला जवळ जाऊ देईना! माझं डोकं चालेना. ह्या घरात आता आणखी कोणी मेलेलं मला चालणार नव्हतं.

भाभी म्हणाल्या, "काका, दूधच उतरलं नसेल."

मग बाळंतिणीचं जे जे असतं ते केलं. डिंकाचे लाडू आणले. तिनं हुंगून लाथेनं उडवले. (वाया कशाला घालवायचे, म्हणून मी खाल्ले.) ओव्याची धुरी दिली. ती शिंकली, मला खोकला लागला, आणि शेवटी दोघांपैकी धुरी मलाच जास्त बसली. भादरलेल्या डोक्याला गार वारं लागायला लागलं, तसा हिचा स्कार्फ कानावरून घट्ट बांधला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उठलो. हेल्मेट काही स्कार्फवर बसेना. राहिलं. मेथीच्या काड्या घेतल्या आणि ही बसायची तिथं, तशीच फतकल मारून बसलो. आता ते शब्द म्हणायचे, तर तोंडातून निघेनात. सवय नाही हो! शेवटी भिंतीकडं तोंड करून पुटपुटलो, "ये माझ्या सोन्या."

आली! हुंगलं, बोट सोडलं, काडी घेतली. मग शांतपणे दिवाणाखाली जाऊन पिल्लांवर उभी राहिली. चुप्चुप् आवाज यायला लागला. माझी मूठभर मेथी संपते न संपते तोवर ही बाई काम उरकून पुन्हा टीव्हीच्या टेबलाखाली! पिल्लांची पोटं ही टम्म! म्हणजे रोज मी घोरत असताना ती पाजून मोकळी होत होती, आणि मी दिवसभर तिला कैदाशीण म्हणत होतो.

चला म्हणून उठायला गेलो तर गुडघे धरलेले. हात द्यायला ही असायची. इकडं धरून बघितलं, तिकडं धरून बघितलं, शेवटी ओरडलो, "भाभी!"

भाभी धावत आल्या आणि दारातच थांबल्या. कानाला स्कार्फ, अंगाला ओव्याचा वास, शेजारी लाडवाचा डबा, आणि जमिनीवर फतकल मारलेला मी.

"काका," त्या म्हणाल्या, "बाळंतीण नक्की कोण?"

"दोघी," मी म्हणलं. "तिचं उरकलंय. मला उठवा."