चाकांवरची तांबूस धूळ

थिनरचा वास आला की जेसल पार्कमधला तो रेल्वेतून निवृत्त झालेला साहेब आठवतो आणि अजून डोकं तापतं. त्याने माझ्याकडून इंजिनाचं छोटं मॉडेल मागवलं होतं. नुसत्या चाकांच्या चौकटीवर मी महिनाभर राबलो. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू सोडणारी नळी गिटारच्या तारेची केली. काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून ब्रेक झिजून पडणारी खरी तांबूस धूळ आणून, थिनरमध्ये कालवून चाकांवर चढवली. इंजिन घेऊन त्याच्या घरी गेलो, तर साहेबाने नाक मुरडलं. "अहो, हे मळकं काय आणलंत?" मी म्हटलं, "साहेब, धावणारं इंजिन असंच दिसतं." "मला शिकवताय? तीस वर्षं रेल्वेत काढलीत मी," म्हणत त्याने रुमालाने चाकं खसाखसा पुसली. नळी तुटून सोफ्यावर पडली. "बघा, आता कसं चकाचक!" मी विचारलं, "तीस वर्षांत एकदा तरी इंजिनाखाली वाकून बघितलंत?" तो हसला. "वाकायला माणसं होती आमच्याकडे." मी इंजिन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि निघालो. आता कोणी मॉडेल मागायला आलं की किमतीचं बोलणं नंतर. आधी त्याला फरशीवर बसून चाकं बघायला लावतो. खुर्ची मागणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.