आत्याचे गुडघे आणि एकशे चार नंबरची खोली

ज्या खोलीत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही, त्या खोलीच्या एसीबद्दल मी एकदा तक्रार केली आहे. तीही पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडून, पाण्यात पाय सोडून, अगदी अधिकाराने!

याला कारण गुडघे. माझे नव्हेत, चंद्रा आत्याचे. चंद्रा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वरंध घाटाच्या खालच्या अंगाला एका वाडीत ती एकटी राहते. मुलगे मुंबईला. उभा जन्म डोंगर चढ-उतर करण्यात गेलेला, त्यामुळे गुडघे दुखतात हे कबूल करायला तिला लाज वाटायची. दोन पावलं टाकली की ती भिंत धरायची, आणि कुणी पाहिलं की पदराने ती भिंत पुसायला लागायची. तिच्या घराची एक भिंत अशी पुसून पुसून गुळगुळीत झाल्यावर मी तिला महाडला आमच्याकडे घेऊन आलो आणि डॉक्टरांना दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, "औषध देतो. पण खरं औषध म्हणजे पाणी. छातीएवढ्या पाण्यात रोज थोडं चालायचं. अंगाचं वजन गुडघ्यांवर येत नाही."

"येवढंच ना?" आत्या म्हणाली. "अरे सुधा, मला नदीवर सोड."

मी एका औषध कंपनीत हिशेब खात्यात आहे, पण नदीचा हिशेब मलाही कळतो. "आत्या, सावित्रीत मगरी आहेत."

"मग? त्यांचं पन गुडघं दुखतात काय?"

नदी बाद झाली. विहिरीत चालता येत नाही. मी आमच्या गच्चीवरच्या टाकीचा प्रस्ताव मांडला. त्या टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या नळाला येतं, ही गोष्ट माझी बायको मंगल हिने मला ज्या शब्दांत समजावली, ते शब्द इथे देता येत नाहीत. दोन-चार दिवस असे गेल्यावर आत्या पिशवी भरायला लागली. "मी जाते घरी. बसून ऱ्हाईन ओटीवर. लय लोकं बसतात." ती हे इतक्या सहज म्हणाली की मला रात्रभर झोप लागली नाही.

आणि मग मला पोलादपूरच्या अलीकडचं ते हॉटेल आठवलं. महामार्गालगत नवीन झालेलं, झाडं लावलेलं, आणि मागे निळाशार स्विमिंग पूल!

"फोन करून विचारा ना सरळ," मंगल म्हणाली.

"विचारलं की नाही म्हणतात," मी म्हणालो. हे ज्ञान माझं नव्हतं. ते आमच्या ऑफिसातल्या कदमांचं. कदमांनी म्हणे गोव्यापर्यंतच्या प्रत्येक मोठ्या हॉटेलात फुकट अंघोळ केलेली आहे. त्यांचं शास्त्र सोपं होतं: खांद्यावर पांढरा टॉवेल टाकायचा, चेहऱ्यावर कंटाळा आणायचा आणि काउंटरकडे अजिबात बघायचं नाही. "हॉटेलात राहणारा माणूस कधी इकडेतिकडे बघतो का?" कदम म्हणाले. "तो कंटाळलेलाच असतो!"

"तू पण चल," मी मंगलला म्हटलं.

"मी नाही येत. माझी गावात ओळख आहे."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आमच्या घरात पांढरा टॉवेल एकच होता, एका पतपेढीच्या सभेत मिळालेला. त्यावर लाल अक्षरांत 'सभासदांस सप्रेम भेट' असं छापलेलं होतं. मी तो अक्षरं आत जातील अशी घडी घालून खांद्यावर टाकला. (दिवसभर मान एका बाजूला कलती ठेवावी लागली, ते वेगळं.) स्विमिंग पुलात टोपी लागते असं ऐकलं होतं, म्हणून बाजारातून एक प्लास्टिकची न्हाण्याची टोपी घेतली होती. ती फुलाफुलांची निघाली.

गाडीत मी आत्याला पढवलं. "कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. नुसतं हसायचं."

"येड्यावानी?"

"पाहुण्यावानी."

गेटमधून आत शिरताना मी कदमांच्या सांगण्याप्रमाणे चेहऱ्यावर कंटाळा आणून नजर समोर ठेवली. आत्या मात्र थांबलीच. "कुठला रे तू, बाबा?" तिने वॉचमनला विचारलं.

"पोलादपूरचा, आजी."

"जेवलास काय?"

"आजी, आता सकाळ आहे." वॉचमन हसला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "साहेब, रूम कुठली?"

आता आधी विचार करून ठेवायला हवा होता, हे मान्य. पण कदमांच्या शास्त्रात हा प्रश्नच नव्हता! माझ्या तोंडून आपोआप निघालं, "एकशे चार." का, ते मला आजही सांगता येणार नाही. ताप मोजताना सवयीचा आकडा असावा.

"या," वॉचमन म्हणाला. आम्ही आत!

पुलाच्या काठी गळ्यात शिट्टी अडकवलेले एक मिशीवाले जीवरक्षक उभे होते. त्यांनी आत्याला आपादमस्तक न्याहाळलं. नऊवारी लुगडं, कपाळाला गोंदण आणि डोक्यावर फुलाफुलांची टोपी.

"आजी, कॉश्च्यूमशिवाय उतरता येत नाही."

हसायचं ठरलेलं आत्या विसरली. "मग ह्यो काय? काष्टा हाय की! तुझ्या चड्डीपेक्षा घट्ट हाय."

जीवरक्षकांनी स्वतःच्या चड्डीची नाडी एकदा चाचपली आणि ते बाजूला झाले.

आत्या कठड्याला धरून एक-एक पायरी उतरली. पाणी छातीपर्यंत आलं. तिने एक हात सोडला. मग दुसरा. आणि ती चालायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कशालाही न धरता! पलीकडे पोचल्यावर वळून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि वाडीतली ती गुळगुळीत भिंत माझ्या डोळ्यांपुढे आली. माझं मन भरून आलं. असं मन भरून आलेलं असताना माणसाने गप्प बसावं, असा एक नियम मी त्या दिवसापासून केला आहे. त्या दिवशी तो नव्हता.

मी काठावर पाय पाण्यात सोडून बसलो होतो. (मला पोहता येत नाही. दर पावसाळ्यात नदी आमच्या बाजारपेठेत चक्कर मारून जाते, तरी मी शिकलो नाही. ती येते तेव्हा मी वरच्या मजल्यावर असतो.) शेजारी पाण्यात एक गोरे, गुबगुबीत गृहस्थ मानेपर्यंत बुडून निवांत होते. चांगले बोलके वाटले.

"आई का तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"आत्या."

"छान, छान. कुठल्या रूममध्ये आहात?"

"एकशे चार," मी कंटाळून म्हणालो. एव्हाना सराव झाला होता.

"अस्सं?" गृहस्थ जरा वर आले. "कशी काय आहे एकशे चार?"

इथे 'बरी आहे' एवढं बोलून थांबता आलं असतं. पण खऱ्या पाहुण्याला तक्रार असतेच, नाही का? "खोली मोठी आहे," मी म्हणालो, "पण एसी फार आवाज करतो हो! रात्रभर घर्र घर्र."

"खरं की काय?"

"झोप म्हणून नाही. आणि बाथरूमचा नळ गळतो तो वेगळाच."

"कमाल आहे!" गृहस्थ म्हणाले. ते इतके गंभीर झाले की मला उत्साहच आला. मी पडद्यांबद्दलही दोन शब्द बोललो.

ऐकून घेतल्यावर गृहस्थांनी लांब उभ्या असलेल्या एका बाईंना हात केला. "मॅनेजर मॅडम! जरा इकडे या." साधी साडी, हातात फोन, चेहरा शांत अशा त्या बाई आल्या. गृहस्थ म्हणाले, "मी काल रात्रीपासून सांगतोय ना एसी आवाज करतो म्हणून? तुमचा माणूस म्हणतो, भास होतोय. आता हा साक्षीदार बघा! यांनाही ऐकू येतो. नळसुद्धा गळतो, तो तर माझ्या लक्षातच आला नव्हता."

"आपण कुठल्या रूममध्ये, सर?" मॅडमनी मला विचारलं.

"हेही एकशे चारमध्येच आहेत," गृहस्थ म्हणाले, "आमच्याबरोबर! आम्हाला मात्र रात्री दिसले नाहीत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं मी लिहिलं असतं, पण माझ्या पायाखाली जमीन नव्हतीच, पाणी होतं. मी घाईघाईने उठायला गेलो. ओल्या फरशीवर हात घसरला आणि मी पाठमोरा, टॉवेलसकट, पुलात!

पुढचं मला तुटक आठवतं. नाकात पाणी. कानात शिट्टी. (जीवरक्षक पूर्ण वेळ शिट्टीच वाजवत होते.) मी हात मारत होतो, पाय मारत होतो, मंगलची आठवण काढत होतो. आणि वरून कितीतरी लोक ओरडत होते. मला वाटलं, 'वाचवा, वाचवा' म्हणताहेत. मग कुणीतरी माझी कॉलर धरली, आणि फुलाफुलांची टोपी माझ्या तोंडाशी आली.

"उभा ऱ्हा रे मेल्या! उभा ऱ्हा!"

सगळे तेच ओरडत होते. मी उभा राहिलो. पाणी माझ्या बरगड्यांपर्यंत होतं.

माझ्या शेजारून पतपेढीचा टॉवेल पूर्ण उलगडून संथपणे तरंगत गेला. 'सभासदांस सप्रेम भेट' सगळ्यांनी नीट वाचलं. एका लहान मुलीने तर मोठ्याने वाचलं.

आत्या पलीकडच्या टोकाकडून पोहत आली होती, आणि तिला धापही लागली नव्हती. तिने माझी कॉलर न सोडताच मॅडमकडे पाहिलं. "बाय गो, आमी तुमच्याकडचं नाय. महाडास्नं आलो. माझं गुडघं गेल्यात. डाक्टर बोलला, पान्यात चाल. मंगल, म्हंजे ह्याची बायको, बोलली, फोन करून इचारा. ह्यो बोलला, इचारलं की नाय बोलतात."

मॅडमनी हातातल्या फोनकडे पाहिलं. माझ्या मिशीतून पाणी गळत होतं. आता पोलीस, मग कंपनी, मग महाडभर नाव! मंगलची गावातली ओळख तर आजच संपली. आणि आत्या उद्या वाडीला जाऊन ओटीवर बसणार, हे सगळ्यांत वाईट.

"काका," मॅडम म्हणाल्या, "आम्ही बाहेरच्या लोकांना सकाळच्या वेळेला पास देतो. गेटवर केवढी मोठी पाटी आहे! वाचली नाहीत?"

वाचणार कशी? मी कंटाळलेला होतो!

"तुमच्या आत्यांसारख्या दोन आजी पोलादपूरहून येतात," त्या पुढे म्हणाल्या. "त्यांना मीच खुर्ची लावून देते. तुम्ही नुसतं विचारलं असतंत तर पायऱ्यांशी माणूस उभा केला असता."

"म्हंजे मी येऊ काय परत?" आत्याने विचारलं. वाडीत कुणाला काही मागायला न जाणारी आत्या हे बोलताना इतकी लहान दिसली की मी दुसरीकडे पाहिलं.

"या की! पण समोरून या."

मला पाण्यातच खाली बसावंसं वाटलं, इतकं हलकं वाटलं. (बसलो नाही. आत्याने कॉलर सोडली नव्हती.)

"आणि आजचं राहू द्या, मॅडम," गुबगुबीत गृहस्थ हसून हसून लाल झाले होते. "आज हे आमचेच पाहुणे. एकशे चारचे! फक्त त्या एसीचं तेवढं बघा. साक्षीदार खोटा असला तरी आवाज खरा आहे."

त्यांच्या बायकोने आत्याला कोरडा टॉवेल दिला, वर आम्हा दोघांना चहा पाजला. मी ओल्या कपड्यांनी उन्हात उभा राहून तो प्यालो. खुर्ची दिली होती, पण खुर्ची ओली होईल या शरमेने बसलो नाही.

घरी मंगलने दार उघडलं, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आत्यालाच विचारलं, "काय झालं?"

"काय नाय गो. ते हो बोलले."

आता पास काढून आत्या नेमाने जाते. भिंत धरत नाही. मुंबईहून आलेल्या दोन बायकांना तिने उलटं पोहायलाही शिकवलं. जीवरक्षक तिला विचारल्याशिवाय शिट्टी वाजवत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी तिला घेऊन गेलो, तर पुलाजवळ एक नवीन माणूस होता. आत्याला त्याने ओळखलं, मला नाही. "साहेब पण पोहणार का?" त्याने विचारलं.

"नाय रे," आत्या पाण्यात उतरता उतरता म्हणाली. "त्याला उभ्या पान्यात बुडायची सवय हाय."

तो माणूस हसला नाही, हीच त्याची मोठी चूक. उलट त्याने फार सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, तुमची खुर्ची जरा लांब, भिंतीकडे लावू का?"

"लावा," मी म्हणालो.

त्या हॉटेलात मी इतकं खरं पहिल्यांदाच बोललो होतो.