ऐकू न आलेल्यांचा रकाना

मनोहरराव गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्यासमोर पुढच्या तुकडीचं वेळापत्रक होतं. सोमवार, साडेनऊ, गच्ची, मनोहरराव. ‘‘सकाळी कॉफी मागितली, मी घेऊन येईपर्यंत...’’ एवढंच ती बोलली. बसवनगुडीच्या घरी आता कोण कोण आहे, काय लागेल, ते मी विचारून लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर पाहिलं, तर सगळं त्याच वेळापत्रकाच्या कडेला लिहिलं होतं, त्यांच्या नावाशेजारी. याला आता सहा आठवडे झाले.

आमची संस्था बंगळुरात, व्हाइटफील्डच्या पलीकडे आहे. अनोळखी ड्रोन कसे ओळखायचे आणि कसे रोखायचे, याचं प्राथमिक प्रशिक्षण तिथं मिळतं. कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी येतात, पोलीस येतात, पाच दिवस राहतात. परवानग्या, जेवण, बॅटऱ्या, वेळापत्रक हे माझं काम. मनोहरराव हवाई दलात रडारवर होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे शिकवायला आले. त्यांचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं, त्यामुळे त्यांची मराठी आम्हा निपाणीकरांहूनही जास्त कन्नडात भिजलेली. मी त्यांना अण्णा म्हणायची आणि ते माझ्या हातातल्या कागदांकडे बघत मला यादीअक्का म्हणायचे.

येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ड्रोनचा सिग्नल तोडणारा जॅमर हाताळायचा असतो. अण्णा मात्र सगळ्यांना आधी गच्चीवर नेत, मोकळ्या मैदानाकडे पाठ करून बसवत आणि तासभर नुसतं ऐकायला लावत. मैदानातून आमचा माणूस मधूनच ड्रोन उडवायचा. आवाज आला की हात वर करायचा आणि दिशा, वेळ तक्त्यात लिहायची. यंत्रं दुसऱ्या दिवशी. वर घार आहे की ड्रोन, आणि ड्रोन असला तर तो कुणाचा, हे कळल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे ते पुनःपुन्हा सांगत. मला तो तास वाया जातोय असं वाटायचं. अर्धा करू या, असं मी दोनदा सुचवलंही. ‘‘स्वल्प थांबा हो अक्का,’’ म्हणायचे, आणि तास तेवढाच राहायचा.

गेल्या वर्षी एका तुकडीच्या वेळी मैदानातून मला फोन आला की बॅटरी फुगली आहे, ड्रोन उडालाच नाही. ते सांगायला मी गच्चीवर गेले, तर सगळ्यांचे हात वर आणि अण्णा म्हणत होते, ‘‘बरोबर. पूर्वेकडून. लिहा.’’ पूर्वेला कुंपणापलीकडे गवत कापायचं यंत्र चाललं होतं. मी दारातच थांबले. अण्णांची नजर आभाळात नव्हती, लोकांच्या हातांवर होती.

जिन्यात मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. बारीक आवाज दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हते. मग म्हणाले, ‘‘घरी बसून काय करू सांगा? कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या म्हटलं, तर त्याही ऐकू येत नाहीत.’’ मी हसले नाही. इथून शिकून गेलेला माणूस उद्या कुठल्यातरी कारखान्याच्या दारात उभा राहणार आहे, असं मी म्हणाले. शिकवू शकतील अशा इतरांची यादी माझ्या फायलीत होती, हेही लपवलं नाही. ‘‘उद्या सकाळपर्यंत ती यादी बाहेर काढू नका,’’ एवढंच अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मागे जाऊन बसले. वर्ग हिंदीत चालायचा. अण्णा म्हणाले, काल जे ऐकलंत ते गवताचं यंत्र होतं. तुम्ही चुकलात, कारण तुम्हाला ड्रोन हवा होता. ‘‘आणि मी चुकलो, कारण मला असले आवाज ऐकूच येत नाहीत. मी तुमचे हात बघत होतो.’’

मग कोलारहून आलेल्या एक पोलीस अधिकारी उठून उभ्या राहिल्या. ‘‘सर, मलाही काही ऐकू आलं नव्हतं. शेजारच्यांनी हात वर केला, म्हणून मी केला.’’ त्यांच्यामागोमाग आणखी चौघांनी तेच सांगितलं. अण्णांनी कोरा तक्ता घेतला, पट्टीनं उजवीकडे एक नवीन रकाना आखला, वर ‘ऐकू आलं नाही’ असं लिहिलं आणि त्याखाली पहिलं नाव स्वतःचं घातलं. माझी फाईल मी उघडली नाही. त्यानंतर ड्रोन उडाल्याची वेळ नोंदवायला मैदानात दुसरा माणूस उभा राहू लागला, आणि गच्चीवरचा तास अण्णांनीच घेतला... अगदी शेवटच्या तुकडीपर्यंत.

त्या सोमवारी बदली शिक्षक मिळाला नाही, म्हणून तो तास मीच घेतला. पूर्ण तासभर. त्यांनी हातानं आखलेल्या तक्त्याच्याच प्रती आम्ही अजून काढतो, त्यामुळे प्रत्येक प्रतीत शेवटच्या रकान्यात पहिलं नाव त्यांच्या अक्षरात येतं. ते झाकून प्रत काढायला हवी होती, पण काढली नाही. सगळे पाठ करून बसले, मीही बसले. थोड्या वेळानं एक हात वर गेला, मग चार, मग सगळेच. माझा हातही खांद्यापर्यंत आला होता. तो मी खाली घेतला आणि तक्त्यात त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.