बांगडीतली पिन

सातवी अर्धी टाकून मी म्हसवडहून सांगलीला आत्तीकडं आले. तिनं मुकादमाच्या हातापाया पडून मला जिनिंगमध्ये कापूस निवडायला लावलं. तिचे उपकार आजही फिटलेले नाहीत. कापसातला पाचोळा, डागाळलेली बोंडं आम्ही बायका वेगळी काढायचो. मग निवडलेला कापूस जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवर जायचा. चामड्याचे रूळ रुई पुढं ओढायचे, सरकी खाली पडायची.

म्हाताऱ्या फिटरचाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लोखंड आत गेलं की ठिणगी उडती. रुईतली ठिणगी लगेच पेटत न्हाई, पोरी. आतल्या आत धुमसती." तेव्हापासून घरी गेल्यावरही जळका वास येतो का म्हणून मी हात हुंगून बघायची.

एकदा दुपारी बोंडाचं टोक माझ्या बोटात घुसलं.

"आत्ती, पिन दे गं."

तिच्या बांगडीत कायम एक मोठी पिन अडकवलेली असायची. तिनं बांगड्या चाचपल्या आणि तिचा चेहराच उतरला. आमचा ढीग नुकताच जिनावर गेला होता. आता हिचं काम जाणार, माझंही जाणार, मला परत गावाला धाडणार, एवढंच माझ्या डोक्यात. तोवर आत्ती उठून ओरडतही होती, "आवं, मशीन थांबवा! पिन गेलीया!"

मशीनचा पट्टा थांबला. मुकादम आला. "पिनाचं दुकान मांडायला येता व्हय गं हितं?"

त्या जिनाची सगळी रुई अंगणात पसरली. आत कुठं धुमसतंय का म्हणून आम्ही कोपरापर्यंत हात खुपसून ऊब शोधायला बसलो. वर ऊन. रुई सगळीकडून कोमट. मला तर जिथं हात घालावा तिथं आगच वाटायची.

लांबचा पुंजका ओढायला हात ताणला आणि काखेत टोचलं.

सकाळी निघताना माझ्या झंपराची शिवण उसवली होती. आत्तीनंच घाईघाईत बांगडीतली पिन काढून तिथं लावली होती. दोघींच्याही ध्यानातून गेलं.

मी काखेत हात दाबून तशीच बसले. "काय झालं गं?" आत्तीनं विचारलं. मी नुसता हात वर केला आणि रडायलाच लागले.

"घावली!" आत्ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. "हिच्या काखंत हाय!"

बायका खो खो हसल्या. मुकादमानं कपाळावर हात मारला. "तासभर मशीन बंद, आन् पिन काखंत!"

"आग न्हाई लागली न्हवं? मग झालं," चाचा त्याला म्हणाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "आता काढू नगं हां ती. सुटीपतोर हाय तिथंच ऱ्हाऊ दे."

पट्टा पुन्हा सुरू झाला. सुटी होईपर्यंत मी तो हात अंगाशी घट्ट धरून एकाच हातानं कापूस निवडला.