खर्च मिळकतीतून

निरवांगीच्या छबूबाई ब्लाउज शिवून पोट भरायच्या. नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या आणि धाकट्या भावाच्या, गोकुळच्या, घरात राहिल्या. गोकुळनं लग्न केलं नव्हतं. त्याची चार एकर ऊसशेती होती. बाईंची शाळा दुसरीपर्यंतच झालेली, त्यामुळे गिऱ्हाइकांची मापं वहीत गोकुळच उतरवून द्यायचा. खांदा, छाती, बाही. असं वीस वर्षं चाललं.

मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गोकुळ गेला. त्यानं इंदापुरात मृत्युपत्राची नोंदणी करून सगळी जमीन बहिणीच्या नावं ठेवली होती. सातबाऱ्यावर नाव लावायला बाई तलाठ्याकडं गेल्या, तर तिथं गोकुळच्या पुतण्याची, विजयसिंहाची, हरकत आलेली. तो सांगवीला राहायचा. त्याच्याकडं गोकुळनं नंतर लिहिल्याचा म्हणून एक साधा, बिननोंदणीचा कागद होता: विहिरीकडची दीड एकर विजयसिंहाला. त्याची झेरॉक्स इतकी पुसट होती की अक्षर धड लागत नव्हतं.

"खोटा कागद हाय," बाई म्हणाल्या, आणि बारामतीच्या कोर्टात दावा उभा राहिला.

वकील विनयाताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "हरलात, तर समोरच्याचा खर्चही तुमच्यावर बसू शकतो."

"आणि जिंकले तर?"

"तर त्याच्यावर. पण कोर्ट काय ठरवील, ते आज सांगता येत नाही."

चार वर्षं तारखा पडल्या. तारखेच्या दिवशी मशीन बंद, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. बाईंनी कानातलं मोडून फी भरली. तिकडं विजयसिंहानं दोन गाई विकल्या. गोकुळच्या उसाचं बिल मात्र निकालापर्यंत बँकेत अडकून पडलेलं.

विजयसिंहाच्या कागदावरचा एक साक्षीदार वारला होता. दुसरा, जोतीराम, विजयसिंहाचा दोस्त. त्यानं साक्ष दिली, पण उलटतपासणीत तारीख चुकवली. आपलं पारडं जड झालं, असं विनयाताईंना वाटत होतं.

मग बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. विजयसिंहाच्या वकिलांनी मूळ कागद त्यांच्या हातात दिला.

"हे अक्षर कुणाचं?"

बाईंनी चष्मा पुसला. 'विहिरीकडची' या शब्दाखाली बोट धरलं आणि ते तसंच ठेवलं. 'बाही' लिहिताना गोकुळ दुसरी वेलांटी जशी खाली वळवायचा, तशीच इथंही वळवली होती. विनयाताई त्यांच्याकडं बघत होत्या. 'मला वळखू येत न्हाय' एवढं म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

"गोकुळचंच हाय," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"व्हय. मला वाटलं व्हतं खोटं हाय. न्हाय. त्याचंच हाय."

बाहेर आल्यावर विनयाताई म्हणाल्या, "दीड एकर गेली, छबूबाई. आता खर्चाचंही काही खरं नाही."

"मग काय करू? त्यानं लिवलेलं न्हाय म्हणू?" त्या बाकावर बसल्या. भावाचा राग आलेला त्यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवला. दवाखान्यात नेणारा पुतण्या होता, घरी उशाशी बसणारी त्या. दोघांनाही त्यानं 'काळजी करू नका' म्हटलं, आणि दोन कागद केल्याचं कुणालाच सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. दीड एकर विजयसिंहाला, अडीच एकर छबूबाईंना. त्याच्या वकिलांनी खर्च बाईंकडून मागितला होता, कारण खऱ्या कागदाला त्यांनी खोटं म्हटलं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. वाद मयतानंच दोन कागद करून निर्माण केला, दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लढल्या. तेव्हा दोघांचा खर्च मयताच्या मिळकतीतून द्यावा, असा हुकूम झाला.

म्हणजे बँकेतल्या उसाच्या बिलातून. कोर्ट फी, नकला आणि वकिलाची ठरावीक फी तेवढी मिळाली. बुडालेले दिवस आणि एसटीचं भाडं कुणीच धरलं नाही. मोडलेल्या कानातल्याची निम्मी किंमत निघाली.

विजयसिंह पायऱ्यांवर थांबला होता.

"आत्या, तू न्हाय म्हणाली असतीस, तर मी हरलो असतो."

"ठाऊक हाय मला."

"विहीर माझ्या वाट्याला आली. तुझ्या उसाला पाणी?"

"ते तू सांग."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. "आठवड्यातनं तीन पाळ्या तुझ्या."

"कागदावर लिवून दे," छबूबाई म्हणाल्या, "आणि दोघांच्या सह्या घेऊ."

त्यानं तसं लिहून दिलं.