आईचा आवाज आणि दारातले स्पीकर

"तुझ्या आईचा आवाज बसलाय," दादा म्हणाले. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. मग कळलं, दादा, म्हणजे माझे वडील, गाडीतल्या स्टिरिओबद्दल बोलत होते.

आमच्या चर्चमध्ये पीक आल्यावरच्या हंगामाच्या सणाला बायकांचा संघ दरवर्षी नवं गाणं बसवतो. चाल आईनं लावायची, मोबाईलवर गाऊन सगळ्यांना पाठवायची आणि बायकांनी भाकरी थापता थापता ती पाठ करायची, अशी पद्धत. तिचं शेवटचं गाणं मी दादांना पेनड्राइव्हवर उतरवून दिलं होतं. घरी ते लावायचं नाही, फक्त रविवारी गाडीत, देवळाली प्रवराहून बेलापूरपलीकडच्या चर्चला जाताना, असा त्यांचा नेम. पण गाडीच्या दारातले स्पीकर गाडीइतकेच जुने. आता त्यांचे कागदी पडदे पार फाटले होते आणि वरच्या सुरात आई नुसती खरखरायची.

"मी बघते," मी म्हटलं. त्यांच्यासाठी मला दुसरं काही करताही येत नव्हतं. नगरहून सुट्टीला यायचं, दोन भाज्या करून फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि परत जायचं, एवढीच माझी लेकपणाची मजल.

श्रीरामपूरच्या दुकानदारानं डिकी भरून जाईल असा स्पीकरचा खोका पुढं केला. "ताई, लई बेस हाय. काच थरथरली पायजे." आमच्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी लोकांचे कान असे करून ठेवलेत की छातीवर धपके बसल्याशिवाय त्यांना ते गाणंच वाटत नाही. मी म्हटलं, "मला बाईमाणसाचा आवाज ऐकायचाय, भूकंप नको." मी पहिल्यापासून हट्टी. स्टिरिओ बाहेर काढायला लावला आणि मागची पट्टी वाचली. तो चार ओहमचे, म्हणजे विजेला तेवढाच अडथळा करणारे, स्पीकर मागत होता, तर तेवढेच घ्यायचे. ताकदीचा, म्हणजे वॅटचा, दर्शनी मोठा आकडा सोडून द्यायचा आणि स्टिरिओ सतत जेवढी देऊ शकतो तेवढीच धरायची. दांडगे स्पीकर लावले असते तर बिचारे त्याच्या जिवावर उपाशीच राहिले असते. आकार जुन्याच भोकाचा, आणि खाली येणारी काच मागच्या चुंबकाला अडणार नाही इतपत उथळ. बारीक सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर. सगळं अगदी जुळलं. जुने स्पीकर दुकानातच टाकून आले. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

रविवारी दादांनी गाडी काढली, मी शेजारी बसले. गाणं सुरू झालं. शब्द न् शब्द स्वच्छ. हात हलला की वाजणाऱ्या तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. दादा हसले. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

बेलापूरच्या पुलापाशी दुसरं कडवं अर्धवट तुटतं. तिथं थोडा वेळ नुसती खरखर असते आणि मग आई पहिल्यापासून पुन्हा गाते, पूर्ण गाते, हे आम्हाला पाठ होतं. त्या खरखरीत काही असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

"थांबा जरा," नव्या स्पीकरमधून आई म्हणाली. "दम लागतोय."

आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये लांबून दादांचा आवाज: "आता कुठं थांबती? एकदा सगळं म्हण की. बायांना चाल कळाया पायजे."

मग श्वास. लांब, ओढून घेतलेला. त्यानंतर तिनं पुन्हा सुरुवात केली.

तिच्या छातीत पाणी झालंय हे आम्हाला त्यानंतर महिनाभरानं कळलं होतं.

दादांनी गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत सुटला. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे उभे राहिले, दादा बसूनच राहिले. परतताना त्यांनी विचारलं, "जुनं स्पीकर कुठं हायेत?"

"दुकानातच टाकले."

"बरं."

मला माझ्या त्या चार ओहमांचा भयंकर राग आला. एवढं जुळवायची काय गरज होती? काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "दादा, तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं?"

"माहीत न्हवतं," ते म्हणाले. "पर ती सांगत हुती की."

पुढच्या रविवारी ते गाणं लावतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी लावलं. पूल आला, कडवं तुटलं.

"थांबा जरा. दम लागतोय," आई म्हणाली.

स्वतःचा आवाज यायच्या आत दादांनी स्टिरिओ बंद केला.

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे आता. बस."

ते माझ्याशी बोलत नव्हते. दर रविवारी पुलापाशी ते हेच करतात. आईनं पूर्ण गायलेलं गाणं त्यानंतर आमच्या गाडीत कधी वाजलं नाही.