बिब्ब्याचं चित्र

चित्रकार म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं दाढी, झब्बा अन् खांद्याला लटकवलेली झोळी आली असंल. पुसून टाका. आमच्या शेजारचे बाबूमामा अंबडच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली लोकांचे अर्ज टाइप करायचे, सफारी घालायचे अन् दाढी रोज करायचे. त्यांच्यातला चित्रकार बघायचा तर डाव्या अंगठ्याचं नख बघावं लागायचं. कधी बूटपॉलिशनं काळं, कधी कांद्याच्या सालीच्या पाण्यानं पिवळं. नवी वस्तू हाती आली की मामा आधी वास घेणार, मंग नखावर एक रेघ ओढणार अन् म्हणणार, "थांब जरा. ती काय म्हणते, ते ऐकू दे."

दुकानातले रंग त्यांना चालायचे न्हाईत. "ट्यूबातला रंग शाळा शिकलेला असतो. सांगितलं तेवढंच करतो." हे मी त्यांच्याच आवाजात, नाकातून, सगळ्या गल्लीला म्हणून दाखवायचो. रोज.

एका रविवारी मामांनी बिब्बे आणले. परटानं त्यांना सांगितल्तं की पूर्वी कपड्यावर खुणा बिब्ब्याच्या तेलानंच करायचे. कपडा फाटतो, खूण जात न्हाई. एवढं ऐकल्यावर मामा थांबतेत व्हय? मामी आतून ओरडली, "अहो, बिब्बा उततो! फोड येतेत अंगावर. डोळ्यात गेला तर डोळा जाईल!"

"म्हणून तर हातमोजा घातलाय," मामा म्हणाले. हातमोजा म्हणजे उजव्या हाताला रबर लावून बांधलेली दुधाची पिशवी. डावा हात मोकळाच, कारण नखावर रेघ घ्यायची होती.

सुई टोचून त्यांनी तेल काढलं, नखावर रेघ ओढली अन् जुन्या धोतराच्या तुकड्यावर काडीनं चित्र काढायला लागले. मी समोर ओट्यावर बसून त्यांचीच नक्कल करून राह्यलो होतो. "काय हो बिब्बेराव, शिक्षण किती झालं? जामीन कोण राहणार?" मामा एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी त्यांनी डाव्या अंगठ्यानं पुसलं.

त्याच अंगठ्याच्या नखावर बिब्ब्याची रेघ होती.

लगेच पाणी मारलं, दवाखान्यात नेलं. तरी सकाळी दोन्ही डोळे सुजून गच्च बंद. डॉक्टर म्हणाले, सूज उतरल्याबगर नजरेचं काही सांगता येत न्हाई. मामी एकच म्हणायची, "टायपिंगवर घर चालतं रे बाबा." तिला ठाऊक नव्हतं, हसवलं कोणी ते. मला मात्र कोणी नुसती हाक मारली तरी मी न्हाणीत जाऊन लपायचो. वाटायचं, मामांची नजर गेली, तेच सांगायला आले. चार दिवस मी कोणाचीच नक्कल केली न्हाई. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

ते धोतर मामांच्या ओट्यावर वाळत पडलेलं. ते दिसलं की मी तोंड फिरवून जायचो. शेवटी काठीनं उचललं अन् हौदावर नेऊन सोडा टाकून ब्रशनं घासलं. धागे निघाले, चित्र निघालं न्हाई. उलट साफ दिसायला लागलं. मान पुढं, भुवई वर, तोंड वाकडं. नक्कल करणारा मीच होतो.

पाचव्या दिवशी उजवा डोळा फटीएवढा उघडला. डावाही वाचला, म्हणे डॉक्टर. मामांचं पहिलं बोलणं: "धोतर आण."

आणलं. त्यांनी ते त्या एका डोळ्यापाशी नेलं. मी रडायलाच लागलो, "मामा, मी हसवलं म्हणून..."

"हसवलंस त्याचं काय घेऊन बसलास? अंगठा माझा, डोळा माझा! हे घासलं कोणी? गालाचं पार वाटोळं केलं! बिब्बा धुऊन निघत असता तर परटानं कशाला वापरला असता, गाढवा? अन् चार दिवस मी इथं डोळे मिटून पडलेला, गल्लीत एकदा तरी माझा आवाज काढायचा का न्हाई? मला वाटलं, मेलोच मी!"